हातोडा आणि तराजू : मोटारींच्या माहितीपत्रकांचा संग्रह, लिलाव आणि मूल्याचा प्रश्न

प्रस्तावना

मे २०२२ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे मर्सिडीझ-बेंझ कंपनीच्या संग्रहालयात मोजक्या निमंत्रितांसाठी एक लिलाव झाला. त्यात १९५५ सालची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे ही मोटार १३.५ कोटी युरोंना विकली गेली. या जातीच्या दोनच गाड्या तयार झाल्या होत्या. त्यापूर्वी, ऑगस्ट २०१८ मध्ये, अमेरिकेतील मॉन्टेरे येथे १९६२ सालच्या फेरारी २५० जीटीओला ४ कोटी ८४ लक्ष डॉलर मिळाले होते, आणि हीच रक्कम तेव्हा लिलावातील विक्रम म्हणून गाजली होती. वृत्तपत्रे अशा आकड्यांची दखल घेतात. मात्र या मोटारींच्या सावलीत वाढलेल्या दुसऱ्या बाजाराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा बाजार कागदाचा आहे. विक्रीसाठी छापलेली माहितीपत्रके, दुरुस्तीच्या पुस्तिका, शर्यतींचे कार्यक्रमपत्रक, भित्तिचित्रे, बोनेटवरील बिल्ले, कारखान्याची पत्रे या साऱ्यांना पाश्चात्त्य लिलावगृहांनी ‘ऑटोमोबिलिया’ असे एकत्रित नाव दिले असून त्यांचे स्वतंत्र लिलाव होतात. फेरारी घेणे मूठभरांनाच शक्य असते. फेरारीचे माहितीपत्रक घेणे पगारदार माणसालाही एखादे वेळी परवडते. या बाजाराचा पाया येथे आहे.

यातील माहितीपत्रकाची गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. बिल्ला किंवा पुस्तिका मुळातच विकत घ्यावी लागे. माहितीपत्रक दुकानात फुकट मिळे. ते टाकून देण्यासाठीच छापलेले असे, आणि बहुतेकांनी ते टाकूनही दिले. जे टाकले गेले नाही, ते दुर्मीळ झाले. फुकट वाटलेल्या कागदाला किंमत कशी येते, ती ठरवताना त्या कागदातील कोणती गोष्ट जपली जाते व कोणती पुसली जाते, आणि मराठी भाषक समाजाच्या संदर्भात या व्यवहाराचा अर्थ काय, या तीन प्रश्नांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. हा केवळ छंदाचा विषय आहे, अशी समजूत आपल्याकडील विद्याक्षेत्रात आढळते. ती तपासून पाहणे हाही या लेखाचा एक हेतू आहे.

माहितीपत्रक : एक संहिता

माहितीपत्रक हे वरवर पाहता माहिती देणारे पत्रक असते. त्यात इंजिनाची शक्ती, चाकांमधील अंतर, रंगांचे पर्याय यांची कोष्टके असतात. परंतु महागड्या क्रीडा-मोटारींच्या बाबतीत ही माहिती जवळजवळ निमित्तमात्र ठरते. याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या १९३०च्या दशकातील जाहिरातमालेत सापडते. त्या जाहिरातींत मोटार दिसतच नाही. एखादा गृहस्थ आपल्या प्रशस्त दिवाणखान्यात बसलेला आहे, दुसरा आपल्या नौकेच्या सुकाणूशी उभा आहे, आणि खाली एकच लहानसे वाक्य : हा गृहस्थ ड्यूसेनबर्ग चालवतो. महामंदीने अमेरिकन बाजार कोसळलेला असताना ही कंपनी गाडीऐवजी गाडीचा मालक दाखवीत होती. वाचकाने गाडीकडे पाहावे, ही अपेक्षाच नव्हती. त्याने स्वतःकडे पाहावे, एवढीच होती. जे वर्गाच्या या मोटारी सुमारे ४८० निघाल्या आणि १९३७ मध्ये कंपनी बंद पडली. जाहिराती मात्र अजून संग्राह्य आहेत.

मोटारीला सांस्कृतिक संहिता मानून वाचण्याचा एक गाजलेला प्रयत्न रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात केला. सित्रोएन डीएसची तुलना त्यांनी मध्ययुगीन गॉथिक प्रार्थनामंदिरांशी केली होती. आपल्याकडील समीक्षेत बार्थ यांचा हा निबंध अधूनमधून उल्लेखिला जातो. पण एक फरक नजरेआड होतो. बार्थ यांच्या निबंधातील प्रेक्षक प्रदर्शनात उभ्या असलेल्या मोटारीला हात लावून पाहतो. माहितीपत्रकाचा वाचक मात्र तिला हात लावू शकत नाही. त्याच्या हाती कागद असतो आणि म्हणूनच त्या कागदाला स्पर्शाचे, गतीचे, चामड्याच्या वासाचे काम करावे लागते. या दृष्टीने माहितीपत्रक हे वर्णनपर गद्याच्या आणि चित्रभाषेच्या अभ्यासाचे साधन ठरते.

संग्राहक हे वाचन करीत नाहीत, असे मात्र नाही. ते वेगळ्या प्रकारे करतात, आणि त्यांच्या पद्धतीत आपल्या पाठचिकित्सेच्या परंपरेशी जुळणारे बरेच काही आहे. अनेक माहितीपत्रकांच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात मुद्रणसंकेत असतो. मुद्रकाचे नाव, महिना-वर्ष, काही वेळा प्रतींची संख्या त्यावरून कळते. पोथीच्या अखेरीस येणाऱ्या पुष्पिकेचेच हे यंत्रयुगीन रूप होय. एकाच वर्षी एकाच गाडीची दोन-तीन पत्रके निघतात. एकात दिव्याची घडण वेगळी असते, दुसऱ्यात शक्तीचा आकडा बदललेला असतो. यातील आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, हे ठरवण्यासाठी संग्राहक जे करतो, त्याला पाठभेदांची तुलना म्हणण्यास हरकत नसावी. बनावट प्रती ओळखण्याच्या खुणाही अशाच बारकाव्याच्या असतात. मूळ छपाईतील ठिपक्यांची जाळी भिंगाखाली स्वच्छ दिसते. छापील प्रतीवरून पुन्हा छापलेल्या नकलेत दोन जाळ्या एकमेकींवर चढून लाटा उमटतात. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातली जाणारी चमकद्रव्ये विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झाली. त्यामुळे १९३५ चे म्हणून विकले जाणारे पत्रक अतिनील प्रकाशात निळसर चमकू लागले, तर शंका घ्यावी लागते. पिनांचा गंज कागदात किती मुरला आहे, हेही पाहिले जाते. कोकणात पावसाळे काढलेल्या कागदाच्या बाबतीत तो पुरावा शोधण्याची फारशी गरज पडत नाही!

इंदूरची मोटार

हा सारा व्यवहार परकीयांचा आहे, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः त्यातील एक अत्यंत झगमगीत प्रकरण मराठेशाहीतून उगम पावलेल्या घराण्याचे आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) (१९०८–१९६१) यांच्यासाठी १९३०च्या दशकाच्या मध्यात एक ड्यूसेनबर्ग एसजे मोटार तयार झाली. यंत्र आणि सांगाडा अमेरिकन, वरची दोन माणसांची उघडी बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कोचबिल्डरची, आणि मालक होळकर. ज्या गाडीच्या जाहिरातीत गाडीऐवजी मालक दाखविला जाई, तिला तसाच मालक भेटला, असे म्हणता येईल. ही मोटार पुढे अमेरिकेत परत गेली आणि तेथील संग्रहांची मानकरी ठरली.

यशवंतरावांची अभिरुची मोटारीपुरती मर्यादित नव्हती. जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी माणिकबाग हा राजवाडा आधुनिक शैलीत सजवून घेतला. ब्रांकुशी यांची ‘अवकाशातील पक्षी’ ही शिल्पे त्यांनी विकत घेतली. बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने त्यांची दोन चित्रे काढली. एकात ते पाश्चात्त्य मेजवानीच्या पोशाखात आहेत, दुसऱ्यात मराठा दरबारी वेशात. त्यांच्या पत्नी संयोगिताराणी या कागलच्या घाटगे घराण्यातील. त्यांचे निधन १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झाले. पुढे संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे संपले. ब्रांकुशींचे संगमरवरी पक्षी १९७३ मध्ये कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनाने घेतले, तर १९८० मध्ये सदबीज या लिलावगृहाने माणिकबागेतील फर्निचर मोनॅको येथे विकले. रिकामा राजवाडा केंद्रीय अबकारी खात्याचे कार्यालय झाला. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने यशवंतरावांवर मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हा इंदूरच्या एकाच घरात पूर्वी एकत्र असलेल्या वस्तू जगभरच्या संग्रहांतून गोळा करून आणाव्या लागल्या.

येथे लिलावाची एक गुंतागुंतीची भूमिका दिसते. मोनॅकोच्या लिलावाने एका घराचा एकसंधपणा मोडला, हे खरे. परंतु त्या लिलावाची छापील सूचीच आज त्या घराचा एक मोलाचा पुरावा आहे. प्रत्येक खुर्चीचे माप, छायाचित्र, कारागिराचे नाव तिच्यात एके ठिकाणी नोंदले गेले. मोडण्याच्या क्षणीच नोंद झाली. ती सूचीही आता संग्राहकांच्या व्यवहारात आली आहे. म्हणजे विक्रीसाठी छापलेल्या पत्रकाचीच विक्री होण्याचे चक्र येथे पुन्हा फिरले.

आक्षेप घ्यावा लागतो तो लिलावगृहांच्या कथनशैलीवर. वस्तूबरोबर मालकांची परंपरा सांगण्याची त्यांची पद्धत आहे आणि ती आवश्यकही आहे. मालकीची अखंड साखळी सिद्ध झाल्याशिवाय अस्सलपणा सिद्ध होत नाही. पण या कथनात ‘महाराजा’ हा शब्द माणसाचा निर्देश करीत नाही, तो एका नमुन्याचा निर्देश करतो. हिरे, हत्ती, वाघाची शिकार आणि मोटारी. इंदूर की अलवर, याने या गद्याला फारसा फरक पडत नाही. ती मोटार कोणत्या बंदरात उतरली, जकात किती पडली, खर्च संस्थानच्या हिशेबात कोणत्या शीर्षाखाली गेला, चालक कोण, बिघडली तर इंदूरच्या कोणत्या मिस्त्रीने उघडली, हे प्रश्न तेथे संभवत नाहीत. यशवंतराव गादीवर आले तेच मुळी एका मोटारीवरील हल्ल्याच्या परिणामी. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर मुमताज बेगम हिच्यासह मोटारीतून चाललेल्या अब्दुल कादर बावला यांचा खून झाला, संशयाचे धागे इंदूर दरबारापर्यंत गेले आणि १९२६ मध्ये तुकोजीराव (तिसरे) यांना गादी सोडावी लागली. होळकर घराणे आणि मोटार यांचा संबंध सांगताना हा अध्याय वगळता येत नाही. लिलावाच्या कथनाला मात्र त्याचे प्रयोजन नसते.

नावाची किंमत

मानववंशशास्त्रज्ञ इगोर कोपिटॉफ यांनी १९८६ मध्ये वस्तूंच्या ‘सांस्कृतिक चरित्रा’ची कल्पना मांडली. वस्तू आयुष्यात कधी विक्रेय होते, कधी व्यवहारातून बाहेर काढली जाते, पुन्हा कधी बाजारात येते, हे पाहिले तर समाज कळतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यासाठी त्यांनी आफ्रिकेतील एका मोटारीच्या संभाव्य चरित्राचेच उदाहरण घेतले होते. आपल्याकडे या विवेचनाचा उपयोग करताना एक भर घालावी लागते. चरित्र लिहिणारा हात कोणाचा, हेही पाहिले पाहिजे, कारण लिलावात वस्तूच्या चरित्रातील एकच नाव उचलले जाते व त्यावर बोली लागते.

हे समजण्यासाठी युरोपात जाण्याची आवश्यकता नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात मुंबके नावाचे गाव आहे. तेथील दाऊद इब्राहिमच्या कुटुंबाची जप्त केलेली जमीन ५ जानेवारी २०२४ रोजी मुंबईत लिलावाला निघाली. सुमारे १७१ चौरस मीटरच्या एका तुकड्याची राखीव किंमत १५,४४० रुपये होती. बोली २ कोटी १ लाखापर्यंत गेली. शेजारच्या खातेदाराच्या तेवढ्याच जमिनीला हा भाव मिळेल, असे कोणी म्हणणार नाही. माती तीच, पाऊस तोच. फरक सातबारावरील नावाचा. याच इसमाच्या नावाशी जोडलेली जप्त केलेली एक साधी ह्युंदाई ॲक्सेंट मोटार डिसेंबर २०१५ मध्ये ३२,००० रुपयांना लिलावात गेली आणि घेणाऱ्यांनी ती काही दिवसांतच गाझियाबाद येथे जाहीरपणे जाळली. तीही स्मृतिवस्तूच होती. संग्राहक नाव जपण्यासाठी घेतो, येथे ते नष्ट करण्यासाठी घेतले गेले; किंमत मात्र दोन्हीकडे नावाचीच. इंदूरच्या महाराजांचे नाव आणि हे नाव यांची तुलना कोणास अप्रस्तुत वाटेल. व्यक्तींची तुलना येथे अभिप्रेत नाही. बोलीचे तर्कशास्त्र एकच आहे, एवढेच दाखवावयाचे आहे.

प्रतीक्षेचे वाङ्मय

होळकरांची मोटार हा अपवाद होय. बहुसंख्य मराठी कुटुंबांचा मोटारीशी पहिला परिचय झाला तो वेगळ्या प्रकारच्या कागदातून. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन क्रायस्लरच्या आणि नंतर इटालियन फियाटच्या परवान्याने गाड्या निघू लागल्या. १९७०च्या दशकात फियाट ११०० चे नाव बदलत ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. त्या काळी नाव नोंदवून गाडीसाठी वर्षे मोजावी लागत.

येथे माहितीपत्रकाचे कार्यच पालटते. ड्यूसेनबर्गचे पत्रक ग्राहक शोधीत होते. पद्मिनीच्या पत्रकाला ग्राहक शोधण्याचे कारण नव्हते. तो आधीच रांगेत उभा होता. अशा स्थितीत पत्रक मन वळवीत नाही, धीर देते. गाडी येईपर्यंत ते घरात राहते, पाहुण्यांना दाखविले जाते, रंगाचा निर्णय त्यावर बोट ठेवून घेतला जातो आणि शेवटी मिळेल त्या रंगाची गाडी घरी येते. परवाना-राज्यातील या कागदाला प्रतीक्षेचे वाङ्मय म्हणणे अयोग्य ठरणार नाही. टंचाईच्या अर्थव्यवस्थेवर आपल्याकडे बरेच लेखन झाले आहे. टंचाईत वाट पाहणाऱ्याच्या हातात काय होते, याचा विचार त्या मानाने कमी झाला आहे.

व्यापारी छपाई आणि साहित्य यांच्यामध्ये मराठीने तरी भिंत उभी करण्याचे कारण नाही. बेळगावात १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, तेव्हा ती कारखान्याच्या मालाचा प्रसार करणारी पत्रिका होती. शंकर वासुदेव किर्लोस्करांच्या संपादनाखाली तिचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही तिची भावंडे निघाली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या वैचारिक घडणीचा एक मोठा भाग या नांगर विकणाऱ्या कागदातून आला. ‘किर्लोस्कर’ वाङ्मयेतिहासात आहे. त्याच कारखान्यांची, त्याच काळातील दरपत्रके नाहीत. कोणत्या टप्प्यावर व्यापारी पत्रक वाङ्मय होते, हे तपासावयाचे तर ती दरपत्रकेही समोर असावयास हवीत.

कोरे पान आणि मळलेले पान

आता मूळ प्रश्नाकडे. लिलावात माहितीपत्रकाची प्रतवारी त्याच्या अवस्थेवरून होते. घडी पडलेली नसावी, कोपरे दुमडलेले नसावेत, विक्रेत्याचा शिक्का नसावा, शाईने वा पेन्सिलीने काही लिहिलेले नसावे. असे पत्रक सर्वोत्तम गणले जाते. शिक्का असला की भाव उतरतो, हस्ताक्षर असले की आणखी उतरतो.

अभ्यासकाची प्रतवारी याच्या नेमकी उलट असते. विक्रेत्याच्या शिक्क्यावरून ते पत्रक कोणत्या गावापर्यंत पोहोचले हे कळते. समासातील पेन्सिलीच्या बेरजेवरून किंमत, कर, विमा आणि हप्ता यांचा त्या घरातील हिशेब कळतो. एका रंगाभोवती केलेले वर्तुळ, पुसलेला दूरध्वनी क्रमांक, मुलाने चाकांवर ओढलेल्या रेघा, हे सारे वाचनाचे पुरावे होत. कोरे पत्रक फार तर मुद्रकाचे मनोगत सांगते, तर मळलेले पत्रक वाचकाचे. बाजार ज्याला दोष म्हणतो त्यातच इतिहास असतो, आणि बाजाराच्या प्रतवारीवर आधारलेले संग्रह जसजसे वाढतात, तसतसा न वापरलेल्या वस्तूंचा इतिहास गोळा होत जातो. शिक्के खोडून, पेन्सिलीचे लेखन रबराने पुसून पत्रक ‘सुधारण्याचा’ मोह विक्रेत्याला होतो, तो याच प्रतवारीपोटी. पोथ्यांच्या बाबतीत असा प्रकार कोणी केल्यास आपण त्याला विध्वंस म्हणू.

महाराष्ट्रात याहून वेगळ्या दृष्टीचा संग्राहक होऊन गेला आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, फण्या अशा रोजच्या वापरातील वस्तू पुण्यात जमविल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. त्या अडकित्त्यांनी सुपारी कातरलेली आहे. त्यांचे मोल त्या झिजण्यासह आहे. हीच दृष्टी कागदाला लावणारा संग्रह मराठीत उभा राहावयास हवा होता. लिलावाचा हातोडा कोरे पान उचलतो, मळलेले पान रद्दीवाल्याच्या तराजूत जाते, आणि तराजूत भाव किलोवर असतो.

कायद्याचा आधार या बाबतीत तोकडा आहे. १९७२ चा पुराणवस्तू व कलानिधी कायदा सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या हस्तलिखित-दस्तऐवजांना लागू होतो. १९३६ मध्ये हजारोंनी छापलेले पत्रक त्यात सहज बसत नाही. १९५० पूर्वीच्या मोटारींच्या निर्यातीवर स्वतंत्र निर्बंध आहेत. मोटारीबरोबरच्या कागदाकडे मात्र ते पाहत नाहीत. जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ ही वेगळी नोंदणीमालिका सुरू केली. त्यासाठी आधीचे नोंदणीपुस्तक, आयात केलेल्या गाडीसाठी आयातीचे कागद मागितले जातात. जुन्या गाडीच्या मालकाला कागदाची किंमत पहिल्यांदा कळते ती बहुधा येथे.

३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतळांवरून अधिकृतपणे गेली. त्या टॅक्सींचे दिवे, मीटर आणि बिल्ले यांना संग्राहक मिळतील. परवान्याच्या प्रती, गॅरेजची बिले, हप्त्यांच्या पावत्या यांना ते मिळण्याचा संभव कमी. कोकणातील कित्येक घरांतून माणसे मुंबईला गिरण्यांत, गोदीत, टॅक्सीवर कामाला गेली. त्यांचे कागद माळ्यावरच्या ट्रंकांत असतील, तर तेथे वाळवी, कसर आणि चार महिन्यांची दमट हवा यांच्याशी त्यांची गाठ आहे. १८२८ पासून सार्वजनिक वाचनालय चालविणाऱ्या रत्नागिरीसारख्या शहरात या कामाला जागा आणि माणसे मिळू नयेत, असे नाही. एक पोलादी कपाट, आम्लरहित कागदाची पाकिटे आणि दाखलनोंदवही एवढ्यावर महाविद्यालयीन ग्रंथालयालाही आरंभ करता येईल. नोंदवहीत शीर्षक, मुद्रक, वर्ष यांच्या पुढे आणखी तीन रकाने मात्र आखावे लागतील : पत्रक कोणत्या घरातून आले, त्यावर कोणाचा शिक्का आहे, आणि मागच्या बाजूला काय लिहिले आहे.